घोरतोय म्हणजे शांत झोपलाय, असं समजू नका: ‘अप’ आणि ‘डाउन’ एकत्र घेतल्यावर काय होतं

गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर शॅकवर, म्हणजे सीझनपुरत्या उभ्या केलेल्या खानावळ-बारमध्ये, काम करणाऱ्या, मूळ सावंतवाडीकडच्या एका तरुणाने विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा: “सीझनमध्ये आमची डबल शिफ्ट असते. बरोबरचे काही जण रात्री जागायला पावडर घेतात, सोबत दारू असतेच, आणि पहाटे झोप यावी म्हणून अल्प्राझोलमची गोळी. त्यांचं म्हणणं, एक वर नेतं, दुसरं खाली आणतं, म्हणजे बॅलन्स होतो. गेल्या शनिवारी खोलीतला एक मित्र असंच घेऊन आडवा झाला. इतका जोरात घोरत होता की आम्ही हसून व्हिडिओ काढला. सकाळी हलवलं तर नुसता हुंकार दिला, दुपारी दोनला उठला. आता ठीक आहे. हे धोक्याचं होतं का? आणि पुन्हा असं झालं तर पोलिसांच्या भानगडीत न पडता काय करायचं?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, धोक्याचं होतं, आणि बरंच. मी उत्तर गोव्यात कॅज्युअल्टीत काम करणारी डॉक्टर आहे. पार्टीत कोसळलेला माणूस आमच्याकडे लवकर पोहोचतो, कारण तो चारचौघांत कोसळतो. उशिरा पोहोचतो तो खोलीत झोपलेला. त्याला घेऊन आलेली मुलं रडवेली होऊन एकच सांगत असतात, “डॉक्टर, तो तर मस्त घोरत होता.” म्हणून तुमच्या प्रश्नातला व्हिडिओचा उल्लेख वाचून मला राहवलं नाही.

आता बॅलन्सचं बघू. कोकेन, एमडी म्हणजे मेफेड्रोन, एमडीएमए, आइस म्हणून विकलं जाणारं मेथ, ही सगळी उत्तेजकं. ती हृदयाचे ठोके वाढवतात, रक्तदाब चढवतात, अंग तापवतात, झोप आणि भूक मारतात. दारू, अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही दुसऱ्या बाजूची. ती मेंदूचं काम मंद करतात. ब्राउन शुगर (हेरॉइन), ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध ही ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारी मंडळीही त्याच बाजूची, आणि श्वासाच्या बाबतीत सर्वांत वाईट. मेंदूच्या बुंध्याशी श्वास चालू ठेवणारं केंद्र असतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ते छातीला श्वास घ्यायला लावतं, आपण झोपेत असलो तरी. गुंगीची औषधं हे केंद्रच सुस्त करतात.

वर नेणारं औषध या सुस्तीचा खात्रीचा उतारा नाही. त्याचा मुख्य जोर हृदयावर, रक्तवाहिन्यांवर आणि जागेपणावर पडतो. म्हणजे दोन्ही एकत्र घेतल्यावर दोन त्रास एकमेकांना खात नाहीत, ते शेजारी शेजारी चालू राहतात. जोरात धावणारं हृदय जास्त प्राणवायू मागतं आणि मंदावलेला श्वास कमी पुरवतो. मागणी वाढली, पुरवठा घटला. तुमच्या मित्रांना जो बॅलन्स वाटतो, त्याच्या आत हे चाललेलं असतं.

मग बरं का वाटतं? कारण उत्तेजक घेतलं की नशा चढल्याची जाणीव पुसली जाते. नशा जाते असं नाही. सुजलेल्या गुडघ्यात बधिर करणारं इंजेक्शन घेऊन फुटबॉल खेळायला उतरलेल्या पोरासारखं हे आहे; दुखत नाही म्हणून तो आणखी पळतो, आणि गुडघा मात्र फाटत जातो. एरवी चार पेगला जो जड होऊन गप्प बसतो, तो पावडर घेतल्यावर आठ पेगपर्यंत ताठ असतो. जीभ अडखळत नाही, चाल बिघडत नाही, म्हणून तोही ओतत राहतो आणि तुम्हीही त्याला थांबवत नाही. रक्तात दारू मात्र आठ पेगचीच असते.

हे मिश्रण घड्याळाचा खेळ आहे. माझ्या मते यातला सगळा धोका वेळेत आहे, त्यामुळे इथे थोडं सविस्तर सांगते.

काजू फेणी साधारण ४२ टक्क्यांच्या आसपास असते. ६० मिलिलिटरचा एक मोठा पेग म्हणजे जवळपास २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सर्वसाधारण माणसाचं यकृत तासाला ७ ते १० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल निकालात काढतं. म्हणजे एका मोठ्या पेगला दोन ते तीन तास. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, तुलनेने सौम्य म्हणून लिम्का घालून ग्लासावर ग्लास प्यायला जातो, त्यामुळे एकूण हिशेब फारसा वेगळा राहत नाही. कॉफीने, लिंबू सरबताने, उलटीने किंवा पावडरीने यकृताचा हा वेग वाढत नाही. कोकेनचा अंमल मात्र अर्ध्या-पाऊण तासात ओसरू लागतो. मेफेड्रोनचाही दोन-तीन तासांत. मेथ खूप जास्त वेळ टिकतं, ते वेगळं.

आता तुमच्या मित्राची शनिवारची रात्र बघा. मी तिथे नव्हते, पण अशी रात्र कशी जाते हे माहीत आहे. दहाला पिणं सुरू, अधूनमधून पावडर. साडेतीनला शेवटचा पेग. तो पेग पोटात आहे, रक्तात उतरायला त्याला आणखी अर्धा ते दीड तास लागणार. म्हणजे पिणं थांबल्यावरही रक्तातली दारू चढतच असते. चार वाजता पावडर उतरायला लागते, पण डोळा लागत नाही, डोकं भणभणतं, जबडा आवळलेला असतो. म्हणून गोळी. अल्प्राझोलम पूर्ण जोरात यायला एक ते दोन तास घेतं, आणि अर्धा तास झोप आली नाही की पोरं अधीर होऊन दुसरी गोळी घेतात. तर पाच-साडेपाचला काय स्थिती? जागं ठेवणारं ओसरलंय, दारू शिखरावर आहे, गोळी शिखराकडे निघालीय, आणि माणूस उताणा पडलाय. बाकीचे सगळे दमून झोपलेत. कोणी बघायला नाही. संगीत बंद झाल्यानंतरचे तीन-चार तास, तो धोक्याचा काळ. नाचताना किंवा काउंटरवर उभं असताना जे दिसत नाही, ते तेव्हा खोलीत होतं.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. अल्प्राझोलमचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ११ तास लागतात. क्लोनाझेपामला तर ३० ते ४० तास. पहाटे घेतलेली गोळी संध्याकाळी “उतरली” असं वाटत असतं, पण त्या रात्रीचा पहिला पेग तिच्या अर्ध्या उरलेल्या अंमलावर पडतो. सलग तीन रात्री असंच चाललं, तर तिसरी रात्र पहिलीसारखी नसते, प्रमाण तेवढंच घेतलं तरी.

कोकेन आणि दारू या जोडीबद्दल वेगळं सांगायला हवं. हे दोन एकत्र असताना यकृतात त्यांच्यापासून तिसराच पदार्थ तयार होतो, कोकाइथिलीन. तो कोकेनपेक्षा जास्त वेळ अंगात राहतो आणि हृदयाला जास्त घातक असतो. नुसत्या कोकेननेही हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २४ पट वाढलेला आढळला होता. पंचविशीतल्या मुलाच्या छातीत दुखतंय म्हणजे “गॅस झाला असेल” असं समजून सोडा प्यायला देऊ नका. पावडरीनंतर छातीत दुखणं, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, घाम, धाप, यातलं काहीही असेल तर ईसीजी काढायला न्या, वय विचारात न घेता.

हे सगळ्यांना सारखंच लागू पडतं का? नाही. आणि इथे मला ठामपणे आकडा देता येत नाही. “इतकं घेतलं तर चालतं” असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पहिलं कारण, पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कोकेन म्हणून घेतलेल्या पुडीत केटामीन निघू शकतं, आणि ते स्वतःच माणसाला सुन्न करतं. एमडी म्हणजे कुणाच्या तोंडी मेफेड्रोन, कुणाच्या तोंडी एमडीएमए. दुसरं, माणूस. दमा, घोरण्याचा जुना त्रास, जाड मान, यकृताचा आजार, फिट्स येण्याचा इतिहास, मानसिक आजाराची चालू औषधं, यातल्या प्रत्येकाने हिशेब बदलतो. पाठदुखीसाठी ट्रामाडॉल चालू असलेल्या मुलाने एमडीएमए घेतलं तर फिट येऊ शकते आणि मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढून ताप, थरथर, अंग ताठरणं असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. ट्रामाडॉल वेदनाशामक म्हणून सर्रास दिलं जातं, त्यामुळे ते यात धरायला लोक विसरतात.

तिसरं कारण तुमच्या कामाशी जोडलेलं आहे, म्हणून ते नीट वाचा. मे अखेरीस शॅक उतरवले जातात, मुलं गावी जातात. पावसाळाभर घरचं जेवण, शेतीची कामं, चतुर्थीला आई-वडिलांसमोर. पिणं कमी, गोळ्या बंद. शरीराची सहन करायची सवय या महिन्यांत मोडते. ऑक्टोबरमध्ये परत आल्यावर पहिल्या आठवड्यात तोच मुलगा मागच्या एप्रिलच्या मापाने घेतो. एप्रिलमध्ये जे त्याला पेललं, ते ऑक्टोबरमध्ये श्वास थांबवू शकतं. ओपिऑइडच्या बाबतीत हे विशेष खरं. खोलीत कोणी “खूप दिवसांनी” घेत असेल, तर त्या रात्री त्याच्यावर सर्वांत जास्त लक्ष ठेवा.

एनर्जी ड्रिंक आणि व्होडकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बारमध्ये काम करता म्हणून दोन वाक्यं. २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ७५-८० मिलिग्रॅम कॅफीन असतं, तेवढ्याने कोणाचा श्वास बंद पडत नाही, पण चढलेली कळत नाही हा प्रकार तोच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफीन घातलेली दारू विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला तो याच कारणाने. आपल्याकडे याचं रूप म्हणजे “मी एकदम फिट आहे” म्हणत स्कूटर काढणारा गिऱ्हाईक. डोळे उघडे असतात, पण हातापायांची प्रतिक्रिया दारूचीच असते.

आता घोरण्याकडे येते.

रोजच्या झोपेत घोरणारा माणूस कूस बदलली की थांबतो, हलवलं की शिवी देतो, पांघरूण ओढतो. गुंगीत घोरणारा माणूस यातलं काही करत नाही. त्याची जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडून मागे गेलेले असतात आणि अरुंद फटीतून हवा ओढली जाते, त्याचा तो आवाज. खोल, जड, कधी पाणी उकळल्यासारखा गुळगुळणारा. मध्ये थांबतो, पाच-दहा सेकंद काहीच नाही, मग एकदम खस्सकन श्वास. तुमच्याकडे तो व्हिडिओ अजून असेल तर पुन्हा ऐका. मध्ये असे गाळे आहेत का ते बघा.

असं कोणी दिसलं तर हाक मारा, खांदे हलवा. उत्तर नाही आलं तर छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरं दाबून जोरात चोळा. दुखतं हे, शुद्धीतला माणूस लगेच हात झटकतो. नुसता कण्हला आणि डोळे उघडले नाहीत, तर तो झोपलेला नाही, बेशुद्धीकडे चाललाय. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि छाती किती वेळा वर येते ते मोजा. पूर्ण मिनिट मोजा, पंधरा सेकंदांवर चारने गुणू नका, कारण मधले गाळेच महत्त्वाचे. मोठ्या माणसाचा श्वास साधारण मिनिटाला १२ ते २० असतो. दहाच्या खाली म्हणजे ताबडतोब मदत. ओठ, नखं निळसर किंवा राखाडी झाली असतील तर मोजत बसू नका. काळसर वर्णावर ओठांचा रंग पटकन कळत नाही. खालचा ओठ उलटून आतली बाजू आणि नखांखालचा भाग टॉर्चने बघा.

१०८ लावा. गोव्यात ही सेवा विनाशुल्क आहे. पत्ता सांगताना नुसतं “मोरजी, बीचजवळ” सांगू नका. जवळचं चॅपल, खुरीस (क्रूस), देऊळ, नावाची पाटी असलेला बार, असं काहीतरी सांगा आणि एकाला टॉर्च घेऊन मुख्य रस्त्यावर उभं करा. किनारपट्टीच्या वाड्यांतल्या वाटा बाहेरच्या चालकाला रात्री सापडत नाहीत.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर करा. त्याच्या एका बाजूला गुडघ्यावर बसा. तुमच्या बाजूचा त्याचा हात काटकोनात बाहेर पसरा. पलीकडचा हात छातीवरून आणून तळव्याची मागची बाजू त्याच्या अलीकडच्या गालाला लावून धरून ठेवा. दुसऱ्या हाताने त्याचा पलीकडचा गुडघा वर उभा करा आणि तो गुडघा स्वतःकडे ओढा; अख्खा माणूस आपोआप तुमच्याकडे वळतो, ताकद लागत नाही. वरचा गुडघा पुढे वाकलेला राहू द्या, म्हणजे तो पालथा होणार नाही. मग हनुवटी हलकेच वर करून डोकं थोडं मागे न्या आणि तोंड जमिनीच्या बाजूला ठेवा. बहुतेक वेळा याच क्षणी घोरणं बंद होतं, कारण वाट मोकळी होते. उलटी झाली तर बाहेर पडते, छातीत जात नाही. उताण्या माणसाची उलटी फुप्फुसात जाऊन होणारा मृत्यू हा दारू-गोळ्यांच्या मिश्रणातला अगदी नेहमीचा प्रकार आहे, आणि तो टाळायला कुठलंही औषध लागत नाही. हे चौघांनी मिळून एकदा शुद्धीत असताना एकमेकांवर करून बघा. पहाटे साडेपाचला प्रथमच करायला जाऊ नका.

श्वास थांबला, किंवा मासा तडफडतो तशी नुसती अधूनमधून उचकी येतेय, तर त्याला जमिनीवर उताणा करा आणि छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. तोंडाने श्वास देता येत असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास द्या. इथे मूळ तुटवडा प्राणवायूचा आहे, म्हणून त्याचा उपयोग होतो. १०८ वरचा माणूस फोनवर सांगत राहतो, स्पीकर चालू ठेवा.

काय करू नये तेही सांगते, कारण हे सगळं मी झालेलं बघितलंय. तोंडात लिंबूपाणी, ताक, सोलकढी, मिठाचं पाणी काहीही ओतू नका. गार पाण्याच्या शॉवरखाली उभं करू नका. बगलेत धरून चालवू नका. आणि जागा व्हावा म्हणून नाकाशी आणखी पावडर मुळीच धरू नका.

याच्या उलट चेहरा असलेला प्रसंगही होतो. अंग तापलेलं, घामाने भिजलेला किंवा घाम पूर्ण थांबलेला, डोळे फाकलेले, कोणीतरी मारायला येतंय असं ओरडणारा. दमट हवेत तासन्‌तास नाचलेल्या मुलाचा ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो आणि त्याने स्नायू, मूत्रपिंड, मेंदू सगळं बिघडतं. त्याला पालथा पाडून चार जण पाठीवर बसू नका, त्याने श्वास कोंडतो. गर्दीतून बाजूला न्या, कपडे सैल करा, ओली फडकी आणि पंखा लावा, १०८ बोलवा. शुद्धीत असेल तर पाणी घोट-घोट द्या, बाटल्याच्या बाटल्या नकोत. एमडीएमएमध्ये शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम घसरून फिट येऊ शकते.

इथे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे: अशा खवळलेल्या माणसाला तुम्ही रुग्णालयात तरी झोपेचंच इंजेक्शन देता ना? मग आम्ही गोळी दिली तर काय बिघडलं? होय, आम्ही लोराझेपाम, मिडाझोलाम त्याच कुळातली औषधं देतो. पण शिरेतून, थोडं-थोडं, प्रत्येक वेळी परिणाम बघून. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, छातीला मॉनिटर, उशाशी ऑक्सिजन आणि श्वास मंदावला तर घशात नळी घालायची तयारी असते. ते इंजेक्शन सुरक्षित होतं ते या पहाऱ्यामुळे. खोलीत तुमच्याकडे गोळी असते, पहारा नसतो.

“उतारा नाही का?” हेही विचारतात. ओपिऑइडवर आहे, नॅलॉक्सोन; काही मिनिटांत श्वास परत आणतं. पण त्याचा असर अर्धा ते दीड तास, आणि ट्रामाडॉल किंवा ब्राउन शुगर त्याहून जास्त वेळ टिकू शकते. म्हणून उठून बसलेला मुलगा “मी बरा आहे, जातो” म्हणतो तेव्हा आम्ही सोडत नाही. दारूवर आणि अल्प्राझोलमवर नॅलॉक्सोन चालत नाही. अल्प्राझोलमच्या कुळावर फ्लुमाझेनिल नावाचं औषध आहे, पण मिश्र नशेत आम्ही ते शक्यतो हातात घेत नाही, कारण गोळीची सवय असलेल्या किंवा उत्तेजक घेतलेल्या माणसाला त्याने फिट येऊ शकते. मग उरतं काय? श्वासाला आधार देणं आणि औषध अंगातून जाईपर्यंत थांबणं. म्हणूनच काय-काय घेतलं ते खरं सांगा. पुडी, गोळीची रिकामी पट्टी, बाटली, जे असेल ते सोबत आणा. “फक्त दोन बिअर” ऐकून आम्ही वेगळ्या दिशेने विचार करतो आणि वेळ जातो.

पोलिसांचं. मी वकील नाही, आणि खोटं आश्वासन देणार नाही. विषबाधा किंवा नशेच्या अतिसेवनाच्या रुग्णाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद रुग्णालय करू शकतं, बऱ्याचदा करतं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात सेवन हा गुन्हा आहे, कलम २७. त्याच कायद्याचं कलम ६४अ असं आहे की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटल्याची कारवाई टळते. कॅज्युअल्टीत आम्ही “काय घेतलं” विचारतो ते औषध ठरवायला. घाबरून तास-दोन तास थांबणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते: चौकशी झालीच तर तुमच्या मित्राला तिची उत्तरं द्यायला जिवंत असावं लागेल. आणि गाडी बोलावून पळून जाऊ नका. कोणीतरी सोबत थांबा, कारण वेळेचा हिशेब फक्त तुमच्याकडे असतो.

राहिला तुमचा मित्र. तो उठला, कामावर आला, म्हणून गोष्ट मिटली असं धरू नका. पुढचे दोन-तीन दिवस ताप, खोकला, श्वास घेताना छातीत टोचणं असं काही झालं तर छातीचा एक्स-रे काढून घ्या. झोपेत थोडी उलटी फुप्फुसात गेली असेल तर ती अशी दिसते. एक हात किंवा पाय सुन्न, सुजलेला, लघवी चहाच्या रंगाची असेल तर त्याच दिवशी या. तासन्‌तास एकाच अंगावर पडून स्नायू चेंगरले की मूत्रपिंडावर ताण येतो.

आणि त्याला एकटा गाठून विचारा, गोळी किती दिवसांपासून चालू आहे. आठवड्यातून एखाद्या वेळी असेल तर बोलणं सोपं आहे. पण रोज, महिनोन्‌महिने असेल, तर प्रेमापोटी त्याची पट्टी हिसकावून फेकू नका. रोजची अल्प्राझोलम अचानक बंद केली की फिट्स येऊ शकतात, रोजची दारू तोडल्यावरही पहिल्या दोन दिवसांत तेच. ती टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायची असते. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) जवळच मनोरुग्णालय आहे, लोक आयपीएचबी म्हणतात ते. तिथे व्यसनाचे उपचार होतात आणि तिथे जाणं म्हणजे वेडा ठरणं नव्हे. आधी फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि झोप, चिंता, मन याबद्दल बोलायला टेली-मानस १४४१६.

मालकाला सांगायचं की नाही, हे तुमच्या मालकावर अवलंबून आहे, ते तुम्हीच ओळखता. मला विचाराल तर आधी शिफ्टबद्दल बोला, पावडरीबद्दल नाही. सोळा-सोळा तास उभं राहिल्यावर झोप न येणं ही खरी अडचण आहे आणि गोळी त्या अडचणीवर घेतली जातेय. शनिवारनंतर एक सकाळ मोकळी मिळाली तर तो ती मागेल का, विचारून बघा. ओपीडीला येताना गोळीची पट्टी आणि तुमचा तो व्हिडिओ, दोन्ही घेऊन या. डॉक्टरला त्यातून खूप कळेल.